घरचे बिनतारी जाळे : त्याची मांडणी व राखण

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिनांक २६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात ठिकठिकाणी बाँबस्फोट झाले आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा एक ई-मेल येऊन पडला होता. त्याचा माग काढीत पोलीस निघाले, ते नवी मुंबईतील एका राहत्या घराच्या दाराशी येऊन थांबले. तेथे एक परदेशी गृहस्थ राहत होता. त्याला दीर्घ चौकशीस तोंड द्यावे लागले. अखेरीस निष्पन्न झाले ते असे की, तो ई-मेल त्याने पाठविलेलाच नव्हता. त्याच्या घरातील इंटरनेटचे बिनतारी जाळे असुरक्षित राहिले होते आणि कोणा तिऱ्हाइताने त्याचा उपयोग करून घेतला होता. घराचे कुलूप तुटले नव्हते, एकही वस्तू चोरीस गेली नव्हती. तरीही एका भीषण गुन्ह्याच्या तपासात त्या घराचा पत्ता आला. त्याच वर्षी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत मुंबईतील आणखी दोन ठिकाणच्या बिनतारी जाळ्यांचा असाच दुरुपयोग झाला. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने अशी जाळी सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या.

या घटनेतील बोध प्रत्येक गृहस्थाने ध्यानी धरण्याजोगा आहे. घरात मोबाईल, संगणक, दूरदर्शनसंच अशी दहा यंत्रे असली, तरी बाहेरच्या जगाला सामान्यतः त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. घरातून जे जे बाहेर जाते, त्याच्यावर त्या घराचाच शिक्का बसतो. ज्याच्या हाती घराचे जाळे, त्याच्या हाती घराचा शिक्का.

शिक्षकाच्या घराचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षकाचे घर हीच काही काळ शाळा बनली. त्या काळात पुष्कळ घरांत राउटर आला आणि तो तेथेच राहिला. ‘सरल’ व ‘यू-डायस’ यांवरील माहिती भरणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालपत्रके ही कामे शाळेच्या वेळेनंतर घरी बसून पुरी करावी लागतात, हा पुष्कळांचा अनुभव आहे. त्या कामाबरोबर विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकाचे बँक खाते व दूरध्वनी हेही शिक्षकाच्या घरी येते. ही माहिती शिक्षकाची नव्हे; पालकांनी विश्वासाने सोपविलेली ती ठेव आहे. शाळेचे जनरल रजिस्टर कपाटात कुलूपबंद ठेवणारा मुख्याध्यापक त्याच रजिस्टरातील नोंदी उघड्या जाळ्यावर हाताळू लागला, तर त्या कुलपाला अर्थ उरत नाही. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयी विशेष दक्षता सांगितली आहे.

राउटर म्हणजे काय

कंपनीचा माणूस खांबावरून फायबरची तार घरात आणतो व एक लहानसा डबा भिंतीला लावून जातो. तारेतून येणारे संदेश रेडिओलहरींच्या रूपाने घरभर पसरविणे, घरातील यंत्रांचे संदेश गोळा करून बाहेर पाठविणे आणि कोणता संदेश कोणत्या यंत्राचा याचा हिशेब ठेवणे, ही या डब्याची कामे होत. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कारकुनाचे काम जसे, तसेच हे आहे. या पद्धतीचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९७ साली ठरले. बहुतेक घरगुती राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत काम करतात. पहिल्या पट्ट्यातील लहरी भिंती ओलांडून दूरवर जातात, पण वेग कमी मिळतो. दुसऱ्यातील लहरी वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर क्षीण होतात.

यावरून राउटर कोठे लावावा हे सहज उमगते. तो घराच्या मध्यभागी, छातीपेक्षा उंच व मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाटाच्या मागे, पाण्याच्या पिंपाजवळ, मायक्रोवेव्ह भट्टीच्या शेजारी किंवा जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीच्या कोनाड्यात तो ठेवू नये. धातू, पाणी व जाड दगड लहरींना अडवितात. रस्त्याकडील खिडकीत ठेवलेला राउटर घरापेक्षा रस्त्यालाच अधिक उजेड देतो. तथापि मध्यभागी ठेवल्याने लहरी घरातच राहतील, असे मात्र कोणी समजू नये. त्या शेजारच्या घरात व अंगणापलीकडे जाणारच. म्हणूनच त्यांना कुलूप हवे.

कारखान्याची किल्ली

येथे एक भेद नीट समजून घ्यावयास हवा. राउटरला दोन कुलपे असतात. एक जाळ्यात प्रवेश करण्याचे, म्हणजे वाय-फायचा परवलीचा शब्द. दुसरे खुद्द राउटरची मांडणी बदलण्याचे, म्हणजे व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द. पहिले सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्याचे अस्तित्वच पुष्कळांना माहीत नसते. अनेक यंत्रांत हे दुसरे कुलूप कारखान्यातून ‘अ‍ॅडमिन’ या नावाने व ‘अ‍ॅडमिन’ याच परवलीने उघडते. एकाच नमुन्याच्या लक्षावधी कुलपांना एकच किल्ली, आणि ती किल्लीही माहितीपत्रकात छापलेली, अशी ही अवस्था असते.

या निष्काळजीपणाचा परिणाम २०१६ साली साऱ्या जगाने पाहिला. ‘मिराई’ नावाची एक घातक आज्ञावली त्या वर्षी इंटरनेटवर फिरू लागली. तिच्यापाशी कारखान्यांनी ठरविलेल्या नाव-परवलीच्या सुमारे साठ जोड्या होत्या, एवढीच तिची शिदोरी. तेवढ्यावर तिने लक्षावधी कॅमेरे, ध्वनिचित्रमुद्रक व घरगुती राउटर काबीज केले. दिनांक २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा बटीक यंत्रांच्या माऱ्यामुळे अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे कित्येक तास बंद पडली. यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचे घरचे इंटरनेट चालू होते. मिराईचे मूळ कर्ते विशीच्या आसपासचे तरुण निघाले व डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात त्यांच्या गुन्ह्याची कबुली जाहीर झाली. कारखान्याने सर्वांना एकच सोपा परवलीचा शब्द देण्यास ब्रिटनने दिनांक २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी केली आहे. पण घरोघर आधीच बसलेली यंत्रे कायद्याने बदलत नाहीत; ती घरधन्यालाच बदलावी लागतात.

दुसरे कुलूप उघडे राहिल्याने होणारी आणखी एक हानी सांगितली पाहिजे. एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिले की त्याचा अंकांतील पत्ता शोधावा लागतो. तो कोणाला विचारावा, हे राउटरमध्ये नोंदलेले असते. ती नोंद बदलून टाकणारा मनुष्य वाटाड्याची जागा घेतो. २०११ च्या सुमारास ब्राझील देशात लक्षावधी घरगुती मोडेमांतील ही नोंद चोरांनी बदलली. लोक बँकेचे नाव अचूक लिहीत होते आणि चोरांनी उभारलेल्या खोट्या पानावर पोहोचत होते. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारे दळणवळण सांकेतिक रूपात चालते, त्यामुळे अशी फसवणूक पूर्वीपेक्षा कठीण झाली आहे. खोट्या पानाविषयी ब्राउझर बहुधा इशारा देतो. म्हणून पडद्यावर सुरक्षिततेचा इशारा उमटला असता घाईने ‘पुढे चला’ म्हणू नये.

परवलीच्या शब्दाचे गणित

बिनतारी संदेश सांकेतिक करण्याच्या पद्धती वेळोवेळी बदलत गेल्या. १९९७ ची डब्ल्यूईपी ही पद्धत सदोष असल्याचे २००१ मध्येच सिद्ध झाले. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ व २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ या पद्धती आल्या. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ असेल तर ती निवडावी. घरातील जुनी यंत्रे तीस साथ देत नसतील, तर एईएस प्रकारची डब्ल्यूपीए-२ निवडावी. पहिल्या दोहोंना आता थारा देऊ नये.

परंतु पद्धत कितीही चांगली असली, तरी परवलीचा शब्द दुबळा असेल तर ती दुबळीच ठरते. डब्ल्यूपीए-२ मध्ये एखादा मोबाईल जाळ्यात शिरताना जी सांकेतिक देवघेव होते, ती बाहेर बसलेला मनुष्य टिपून घेऊ शकतो आणि मग आपल्या घरी निवांतपणे एकामागून एक शब्द लावून पाहू शकतो. यंत्राच्या साहाय्याने सेकंदाला दहा लाख शब्द तपासणे आज अवघड नाही.

पुष्कळ घरांत परवली म्हणून घरधन्याचा मोबाईल क्रमांक असतो. भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी असून तो ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या वेगाने त्या सर्व तपासण्यास ४,००० सेकंद, म्हणजे सुमारे एक तास सात मिनिटे लागतात. शाळेचा एक तास फार तर दुप्पट धरावा, एवढाच हा अवधी!

आता दुसरे उदाहरण घ्यावे. समजा, २,००० शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द उचलले व ते इंग्रजी लिपीत सलग लिहिले. एकूण शक्यता २,००० चा पाचवा घात, म्हणजे ३२ हजार लाख कोटी, ३२ या अंकापुढे पंधरा शून्ये. त्याच वेगाने त्या सर्व तपासण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतील. पाच शब्द पाठ करणे मुलालाही जमते. मात्र ते चिठ्ठीनेच निघालेले असावेत. गाणे, म्हण, देवाचे नाव, मुलाचे नाव व जन्मसाल यांपासून बनविलेली परवली लांब दिसली तरी तिचा अंदाज करता येतो. डब्ल्यूपीए-२ मध्ये परवली ८ ते ६३ अक्षरांची चालते, तेव्हा जागेची अडचण नाही. उच्च प्राथमिक वर्गांना घातांक शिकविताना हे उदाहरण फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.

सोयीचा चोरदरवाजा

अनेक राउटरांवर ‘डब्ल्यूपीएस’ असे लिहिलेली एक सोय असते. लांब परवली लिहिण्याचा त्रास वाचावा, म्हणून आठ अंकी क्रमांकाने जाळ्यात शिरण्याची ती वाट आहे. आठ अंकांच्या दहा कोटी शक्यता होतात. त्यातील शेवटचा अंक पहिल्या सातांवरून ठरतो, म्हणून शक्यता एक कोटी उरतात. परंतु राउटर पहिल्या चार अंकांची बरोबर-चूक वेगळी सांगतो. त्यामुळे प्रथम चार अंकांसाठी १०,००० व नंतर उरलेल्या तीन अंकांसाठी १,०००, असे अवघे ११,००० प्रयत्न पुरतात. एका प्रयत्नास तीन सेकंद धरले तरी सुमारे नऊ तासांत, म्हणजे एका रात्रीत, दार उघडते. हा दोष डिसेंबर २०११ मध्ये उघडकीस आला. नव्या यंत्रांत त्यावर काही आवर घातलेला असतो. तथापि ज्या सोयीची गरज नाही ती बंद ठेवणे हेच शहाणपणाचे होय. पुढे भक्कम दिंडीदरवाजा आणि मागे परसदार सताड उघडे, अशा वाड्याची राखण कोणी केली असे म्हणता येत नाही.

ओसरी आणि माजघर

शहरात परवली नाकारता येते. गावात ते कठीण जाते. शेजारची मुलगी अभ्यासासाठी, पाहुणा बसच्या वेळापत्रकासाठी, पालक एखाद्या अर्जासाठी ‘गुरुजी, जरा वाय-फाय द्या’ असे म्हणतात. शिक्षकाने कोरडेपणाने नाही म्हणावे, हे त्याच्या स्थानाला शोभत नाही. यावर राउटरमध्येच तोड आहे. पुष्कळ राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे पाहुण्यांचे वेगळे जाळे, उघडता येते. त्याचे नाव वेगळे, परवली वेगळी. त्यातून पाहुण्यास इंटरनेट मिळते, पण घरातील संगणकापर्यंत व छपाईयंत्रापर्यंत पोहोचता येत नाही. आपल्याकडे आल्यागेल्याला ओसरीवर बसवून पाणी देतात. माजघरात नेत नाहीत. हीच ती रीत. मात्र ओसरीवरून गेलेल्या संदेशावरही घराचाच शिक्का बसतो, हे नवी मुंबईच्या उदाहरणावरून विसरू नये. म्हणून पाहुण्यांची परवलीसुद्धा ओळखीच्या माणसालाच द्यावी व महिन्या-दोन महिन्यांनी बदलावी.

अर्ध्या तासाचा क्रम

प्रत्यक्ष काम पुढील क्रमाने करावे. यांत्रिकास बोलावण्याची सहसा गरज पडत नाही.

१. मोबाईल वा संगणक घरच्या जाळ्याला जोडून ब्राउझर उघडावा व राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवरील पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मात्र तो लिहिताना अंक इंग्रजी घ्यावेत. काही कंपन्यांच्या राउटरची मांडणी त्यांच्या मोबाईल अ‍ॅपमधून करावी लागते.

२. सर्वांत आधी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द बदलावा. तो वाय-फायच्या परवलीहून भिन्न असावा.

३. जाळ्याचे नाव बदलावे. त्यात स्वतःचे आडनाव, घर क्रमांक वा शाळेचे नाव घालू नये. नाव लपवून ठेवल्याने जाळे सुरक्षित होते हा मात्र भ्रम आहे. जाणत्या माणसाला लपविलेले नावही सापडते.

४. डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ निवडून पाच शब्दांची परवली द्यावी. त्यानंतर घरातील प्रत्येक यंत्र नव्याने जोडावे लागेल. त्याने गोंधळून जाऊ नये.

५. डब्ल्यूपीएस बंद करावे. राउटरची मांडणी घराबाहेरून बदलू देणारी ‘रिमोट मॅनेजमेंट’ ही सोयही बंद करावी.

६. राउटरची अंतर्गत आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत करावी व ती आपोआप अद्ययावत होण्याची सोय असल्यास चालू ठेवावी. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी डब्ल्यूपीए-२ मधील एक दोष जाहीर केला. तो परवली बदलून नव्हे, तर आज्ञावलीच्या दुरुस्तीनेच दूर झाला. ज्या जुन्या राउटरला कंपनी दुरुस्त्या पुरवीत नाही, तो चालू असला तरी बदलावा.

७. पाहुण्यांचे जाळे वेगळे करावे. घरात कॅमेरा असल्यास तोही त्याच बाजूस जोडावा.

८. जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी. अनोळखी यंत्र आढळल्यास परवली तत्काळ बदलावी. महिन्यातून एकदा ही यादी पाहण्याची सवय ठेवावी.

९. दोन्ही परवली वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. भिंतीवर किंवा राउटरवर चिठ्ठी लावू नये.

परवली विसरल्यास राउटरच्या मागील बारीक छिद्रातील कळ टाचणीने काही सेकंद दाबून धरली असता यंत्र पुन्हा कारखान्यातील स्थितीत येते. त्याबरोबर जुनी ‘अ‍ॅडमिन’ किल्लीही परत येते, कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने अशी कळ दाबली असेल, तर तो गेल्यावर वरील क्रम पुन्हा पहिल्यापासून करावयास हवा.

शाळेचा राउटर आणि कार्यभार

जी गोष्ट घराची तीच शाळेची. शाळेतील कार्यालयाचे जाळे व विद्यार्थ्यांच्या टॅबचे जाळे वेगळे असावे. विशेषतः बदलीच्या वेळी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कार्यभार देताना दप्तर, साहित्य, किल्ल्या यांची यादी होते व दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत राउटरच्या दोन्ही परवलींची नोंद असावी आणि कार्यभार घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्या बदलाव्यात. यात जाणाऱ्याविषयी अविश्वास नाही. उलट, पुढे काही विपरीत घडले तर त्याच्यावर नाहक ठपका येऊ नये, अशीच ती तजवीज आहे.

राउटर बसवून देणारा मनुष्य तार जोडतो, दिवा हिरवा झाला की निघून जातो. त्याचे काम तेथे संपते. घरधन्याचे काम तेथून सुरू होते. कुलूप कारखान्यात तयार होते हे खरे, परंतु किल्ली जोवर घरधन्याने स्वतः बदललेली नाही तोवर ते कुलूप त्याचे नव्हे. एका रविवारी सकाळी अर्धा तास काढून प्रत्येक शिक्षकाने हे काम स्वतःच्या हाताने करावे, मग शेजाऱ्याला करून दाखवावे आणि सोमवारी आपल्या वर्गाला ११,००० चे गणित घालावे. ज्या मुलांची नावे शिक्षकाच्या संगणकात आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी आज राउटर आहे. उरलेल्यांच्या घरी तो उद्या येईल. त्या वेळी डब्याच्या तळाची चिठ्ठी वाचून किल्ली बदलणारे घरात कोणी असेल, तर बहुधा ते मूलच असेल.